समुद्रातली मुक्कामाची गाडी

तिसगाव कोठे आणि समुद्र कोठे! मधे सगळा सह्याद्री आडवा. आपल्या पाथर्डी तालुक्यात उन्हाळ्यापर्यंत विहिरीला पाणी टिकले तरी माणूस समाधान मानतो. अशा गावी बसून समुद्राच्या तळाच्या सहलींची माहिती कशाला वाचायची, असे तुमच्या मनात येईल. पण आता गावोगावची तरुण मंडळी सुटीत मालवण-तारकर्लीला जातात, पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरतात, आणि एखाद्याला पुढे दूरच्या बेटांची ओढ लागते. तेव्हा यात मौज किती आणि जोखीम किती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घेतलेले बरे.

एस.टी.ची मुक्कामाची गाडी तुम्हाला माहीत आहे. समुद्रातही तशा मुक्कामी बोटी असतात. पंधरा-वीस पाहुणे, खलाशी, स्वयंपाकी, पाणबुड्यांचे वाटाडे, टाक्या भरण्याचे यंत्र असा सगळा संसार बोटीवर. आठवडाभर तेथेच जेवायचे, तेथेच निजायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरायचे. भोवती अथांग पाणी, पण प्यायचे आणि अंघोळीचे पाणी मात्र मोजून. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

बोटीवर मुक्काम का करायचा? किनारा लांब म्हणून. आपल्याच महाराष्ट्रासमोरचे उदाहरण घ्या. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर ‘अंग्रिया बँक’ आहे. ही बँक पैशांची नव्हे. समुद्राच्या पोटातला हा एक विस्तीर्ण उंचवटा आहे. नाव पडले ते मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून. सुमारे 40 किलोमीटर लांब, 15 किलोमीटर रुंद. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे 20 मीटरवर, आणि त्यावर प्रवाळांची वस्ती. वर पाय टेकायला वीतभरही जमीन नाही. ताशी 18 किलोमीटर चालणाऱ्या बोटीला जायलाच सहा तास लागतात. मुक्काम केल्याशिवाय तेथे काही पाहणे नाही.

आता पाण्याखालचा हिशेब पाहू. विहिरीत सूर मारून खाली गेलात की कानात ठणका लागतो. तो पाण्याच्या भाराचा. पृष्ठभागावर हवेचा एक भार आपल्यावर असतोच. दर 10 मीटरला, म्हणजे पाच-सहा परस खोलीला, तेवढाच आणखी एक भार वाढतो. 20 मीटरवर तीन भार होतात. झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी 1943 साली जे श्वसनयंत्र तयार केले, त्याची करामत अशी की ते त्या त्या खोलीच्या भाराइतकीच हवा तोंडात देते. म्हणून खाली श्वास सहज घेता येतो. पण हवाही तिप्पट खर्च होते. 12 लिटरच्या टाकीत 200 पट दाबून भरलेली हवा म्हणजे 2400 लिटर. त्यातली चौथाई राखून ठेवली तर उरली 1800. माणसाला वर मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर 20 मीटरवर 60 लागेल. हवा पुरली अर्धा तास!

येथे पट्टीच्या पोहणाऱ्याने विशेष सावध राहावे. आपल्याकडची पोरे पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, आणि दम कोंडून बुडी मारणे हा त्यांचा अभिमान. त्यात छातीतली हवा वरूनच नेलेली असते; खाली ती आकसते, वर आल्यावर पहिल्याइतकी होते. टाकीचे तसे नाही. 10 मीटरवर टाकीतून छातीभर घेतलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट होऊ पाहते. त्या वेळी दम कोंडला तर फुप्फुस फाटते. विहिरीतली हुशारी समुद्रात जिवावर उठते ती अशी. श्वास कधीही कोंडायचा नाही, हा तेथला पहिला नियम.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. खोलवर हा वायू रक्तात विरघळतो. माणूस झटकन वर आला, तर सोड्याच्या बाटलीचे बूच उडवल्यासारखे त्याचे बुडबुडे अंगात उठतात. सांधे दुखतात, हातपाय लुळे पडतात. म्हणून मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. मुक्कामी बोटीवर हा धोका अधिक, कारण दिवसामागून दिवस बुड्या चालू असतात आणि वायू अंगात साठत जातो. उपचाराचा दाबकक्ष तर दूर किनाऱ्यावर. घरी विमानाने परतायचे असेल, तर शेवटच्या बुडीनंतर निदान 18 तास जाऊ द्यावेत.

धोका पाण्यातच असतो असेही नाही. 2 सप्टेंबर 2019 च्या पहाटे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ नावाच्या अशाच बोटीला आग लागली. खालच्या खणात निजलेले 34 जण गेले. रात्री फिरता पहारा नव्हता. बोट ठरवताना पलंग किती मऊ हे मागाहून विचारा. रात्री जागा कोण राहतो आणि खालून वर यायच्या वाटा किती, हे आधी विचारा.

इतके सगळे करून पाहायचे काय? प्रवाळ. तो दगड दिसतो, पण आहे तो असंख्य चिमुकल्या जीवांनी बांधलेला वाडा. त्याच्या आसऱ्याने मासे वाढतात. पाणी जरा अधिक तापले की तो पांढरा पडतो. आपल्या लक्षद्वीपमध्ये 1998, 2010 आणि 2016 साली तसे झाले. निष्काळजी लाथेने किंवा टाकलेल्या नांगरानेही तो मोडतो. फिलिपिन्समधल्या तुब्बताहा प्रवाळभूमीवर मुक्कामी बोटीनेच जाता येते, तेही मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत. पाहुण्यांकडून घेतलेल्या शुल्कातून तेथल्या राखणदारांचा खर्च भागायला मदत होते. अंग्रियाकडे उद्या सहली जाऊ लागल्या, तर आधी राखण आणि मग पाहुणे, हाच क्रम हवा. गायरान राखले तर गुरे जगतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तेव्हा घरातला मुलगा किंवा मुलगी समुद्रात उतरते म्हणाली, तर एकदम नको म्हणू नका. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षणसंस्था आहे. तेथे रीतसर शिकू द्या. दमा, कानाची किंवा हृदयाची तक्रार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचे नाही, अशी ताकीद द्या. आणि परत आल्यावर काय पाहिले ते सगळ्यांना बसवून सांगायला लावा. समुद्र तिसगावापर्यंत येणार नाही. त्याची हकिकत मात्र येऊ शकते.