रेघ आणि खोली

गणिताची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे अर्धा मीटर असं धरून एक मोटारयॉट काढा. लांबी 12 मीटर, म्हणजे 24 चौकटी. पुढचं टोक, ज्याला कोकणात नाळ म्हणतात, ते निमुळतं आणि पुढे झुकलेलं असू द्या. तिथून वरची रेघ मागे जाताना हळूच खाली उतरू द्या. कागदावर एक देखणी, धावती बोट उमटेल. आता त्याच प्रमाणात एक माणूस काढा. पावणेसहा फुटांचा, म्हणजे साडेतीन चौकटींचा. त्याला बोटीच्या आत उभा करा. त्याचं डोकं छत फोडून वर येतं!

मग छत वर घ्यावं लागतं. ताठ चालायचं तर चार चौकटींची उंची हवी. खाली झोपायच्या केबिन, वर बैठकीची खोली, म्हणजे आणखी चार चौकटी. तिच्याही छतावर उघड्यावर बसून बोट चालवायची जागा, तिला फ्लायब्रिज म्हणतात. एवढं सगळं रचल्यावर कागदाकडे पुन्हा पाहा. मघाची रेघ कुठे गेली? तिच्या जागी पाण्यावर तरंगणारं एक कपाट उभं आहे.

आलिशान मोटारयॉटचा प्रत्येक रेखाटनकार पहिल्या दिवसापासून याच पेचाशी झुंजतो. बोटीत बाकी सगळं लहानमोठं करता येतं, इंजिन, खिडक्या, अगदी जिनासुद्धा. माणसाची उंची मात्र ठरलेली. म्हणूनच मोठ्या यॉटपेक्षा लहान यॉट देखणी करणं कितीतरी अवघड. 12 मीटरच्या बोटीवर दोन मजले चढवले की ती बुटकी आणि फुगीर दिसू लागते. 60 मीटरच्या बोटीवर पाण्याच्या वर चार मजले आले, तरी ती लांबसडक दिसते, कारण आतला माणूस तेवढाच राहिला आणि बोट पाचपट लांब झाली. शिवाय लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की आतली जागा आठपट होते. मोठ्या बोटीला डौल परवडतो, लहान बोटीला तो एकेक इंच करून मिळवावा लागतो.

हे मिळवणं जवळून पाहण्यासारखं आहे. लहान मोटारयॉटच्या मधल्या केबिनमध्ये शिरलात, तर दाराशी जेमतेम एका माणसाच्या पावलांपुरत्या जागेत ताठ उभं राहता येतं. तिथून पलंगाकडे सरकलं की छत झपकन खाली येतं. झोपलेल्या माणसाला उंची लागत नाही, म्हणून ती तिथून काढून घेतलेली असते. गंमत म्हणजे त्या उभं राहण्याच्या जागेच्या बरोबर वर, बैठकीच्या खोलीत, सोफा असतो. सोफ्याखालची पोकळी हीच खालच्या माणसाच्या डोक्याची जागा. वर कुणी चहा पीत बसलेलं असतं आणि त्याच्या बैठकीच्या आत खालचा माणूस कपडे बदलत असतो. दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. या एका युक्तीने सगळी बोट काही इंचांनी बुटकी करता येते, आणि बाहेरून तिची रेघ वाचते.

जिथे इंच वाचवता येत नाहीत, तिथे डोळ्याला समजावावं लागतं. यॉटच्या बाजूने पुढून मागे धावणारा काळ्या काचेचा लांब पट्टा तुम्ही फोटोंत पाहिला असेल. त्यातल्या बऱ्याच काचांच्या मागे खिडकी नसतेच, तिथे भिंत किंवा आधाराचा खांब असतो. पट्टा अखंड ठेवायचा तो नजर आडवी धावावी म्हणून. आडवी धावणारी नजर उंची मोजत नाही. छताची कड भिंतीच्या बाहेर काढली की तिची सावली खालच्या मजल्याला बारीक करते. आणि हे सगळं उठून दिसावं म्हणून धातूच्या पत्र्यावर सुतार लाकडाला भरतो तशी लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, घासतात, पुन्हा भरतात, तेव्हा कुठे उन्हात एकही लहर न दिसणारा तो गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो.

समुद्र मात्र डोळ्यासारखा समजूत घालून घेत नाही. प्रत्येक वाढीव मजला बोटीचा गुरुत्वमध्य वर नेतो आणि ती डोलायला लागते. यावर उपाय म्हणजे रुंदी. इथलं गणित थक्क करणारं आहे. बोटीला सरळ ठेवणारा पाण्याचा आधार रुंदीच्या घनाने वाढतो, म्हणजे रुंदी फक्त 10 टक्के वाढवली, की हा आधार सुमारे 33 टक्के वाढतो. पण रुंद बोट जास्त पाणी ढकलते, जास्त डिझेल खाते आणि जाडही दिसते. म्हणून अनेक मोठ्या यॉटचं धड पोलादाचं आणि वरचे मजले हलक्या ॲल्युमिनियमचे असतात. वजन खाली राहिलं की उंची थोडी पेलता येते.

सगळ्यात हळवा प्रश्न नाळेचा. 1930 साली स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत ‘नाहलिन’ नावाची वाफेवर चालणारी यॉट बांधली गेली. लांबी सुमारे 91 मीटर. तिची मालकीण होती लेडी यूल. कलकत्त्यात ताग आणि चहाच्या व्यवसायात मोठं नाव कमावलेल्या सर डेव्हिड यूल यांची ती विधवा पत्नी. 1936 मध्ये ब्रिटनचा राजा आठवा एडवर्ड प्रेयसी वॉलिस सिम्पसनसह याच यॉटवरून भूमध्य समुद्रात फिरला. नाहलिनचं पुढचं टोक जुन्या शिडाच्या क्लिपर जहाजांसारखं पुढे झेपावलेलं आहे, टोकाशी कोरीव मूर्तीसुद्धा आहे. तिला शिडाची गरज नव्हती, चालवायला वाफेची टर्बाइन होती. तरीही ती नाळ तशीच ठेवली, कारण जहाजाने कुठेतरी निघालेलं दिसावं ही माणसाची जुनी ओढ आहे.

आज बऱ्याच नव्या यॉटची नाळ कुऱ्हाडीच्या पात्यासारखी उभी असते. कारणं खरीखुरी आहेत. मरिनात बोट उभी करायचं भाडं सहसा टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीवर ठरतं, आणि झुकलेल्या नाळेच्या खाली हवाच असते. नाळ उभी केली की तीच लांबी पाण्यात उतरते, आत खोली मिळते आणि वेगही मिळतो. पाणी कापत जाणारी बोट स्वतःची लाट तयार करते, आणि त्या लाटेच्या पलीकडे जाणं तिला फार महाग पडतं. वेगाची ही मर्यादा पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळावर ठरते. पाण्यात 42 मीटर लांबी असेल तर ती साधारण पावणेसोळा नॉट, 49 मीटर असेल तर 17 नॉट. फक्त टोकाचा कोन बदलून सव्वा नॉट!

पण जागा मोजायची कशी? इथून गोष्ट समुद्रातून कायद्यात शिरते. जहाजाचं ‘टनेज’ म्हणजे वजन नव्हे. हा शब्द आला दारूच्या पिंपांवरून. जहाजात किती पिंपं मावतात यावर कर ठरे आणि त्या पिंपाला इंग्रजीत ‘टन’ म्हणत. 1854 पासून ब्रिटनमध्ये 100 घनफूट जागा म्हणजे एक टन हे माप चाललं. 1969 च्या आंतरराष्ट्रीय कराराने ग्रॉस टनेजचं आजचं सूत्र ठरवलं आणि ते 1982 पासून लागू झालं. त्यात बोटीतली सगळी बंद जागा मोजतात, अगदी इंजिनची खोली आणि डिझेलच्या टाक्यासुद्धा. उघडा डेक मोजत नाहीत.

चटईक्षेत्राचा हिशेब आणि बंद केलेल्या बाल्कन्या पाहत मोठ्या झालेल्या मुंबईकराला हे लगेच उमजेल. 500 ग्रॉस टनेज ओलांडलं की आगीपासूनची सुरक्षा, बांधणी आणि खलाशांची पात्रता यांचे नियम बरेच कडक होतात. म्हणून कितीतरी यॉट 499 वर थांबतात. नेदरलँड्समधल्या हेसेन गोदीने 50 मीटरच्या यॉट याच मर्यादेत बसवल्या आहेत. 499 म्हणजे सुमारे 1,880 घनमीटर. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची आपली ओळखीची खोली धरली तर अशा 61 खोल्या. आता नवल पाहा. आतली जागा एकदा कायद्याने बांधली गेली, की वाढवलेला प्रत्येक मीटर फक्त आकाराच्या कामी येतो. जागेवर घातलेला लगाम डौलाच्या बाजूने उभा राहतो.

मापाने जहाज घडवण्याची ही पहिली वेळ नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डचांनी ‘फ्लाउट’ नावाचं मालवाहू जहाज बांधलं. खाली पोट सुटलेलं, वर डेक अरुंद. डेन्मार्कजवळच्या ओरेसुंड सामुद्रधुनीत जकात घेताना डेकचा आकार बघत, मग डचांनी डेक आवळला आणि पोट वाढवलं. यॉट हा शब्दही त्याच डचांचा, पाठलाग करणाऱ्या वेगवान होड्यांसाठीचा.

आणि आता जर्मनीतल्या ल्युर्सन गोदीच्या दोन बोटी शेजारी ठेवा. 2013 ची ‘अझ्झाम’ 180 मीटर लांब आहे आणि 30 नॉटहून अधिक वेगाने धावते. 2016 ची ‘दिलबर’ 156 मीटर, म्हणजे 24 मीटरनी आखूड. पण अझ्झामचं ग्रॉस टनेज सुमारे 13,100 आणि दिलबरचं सुमारे 15,900. सूत्र उलटं सोडवलं तर दिलबरच्या पोटात सुमारे 9,200 घनमीटर जागा जास्त भरते. दहा बाय बाराच्या सुमारे 300 खोल्या, आणि त्याही आखूड बोटीत! एकीने लांबी वेगाला आणि रेघेला दिली, दुसरीने रुंदी आणि मजले घेऊन खोल्यांना दिली. एकाच गोदीतून दोन वेगळी उत्तरं पाण्यात उतरली.

पुन्हा त्या चौकटीच्या वहीकडे येऊ. झुकलेल्या नाळेच्या आत एक निमुळता त्रिकोण उरतो. माणूस तिथे उभा राहत नाही, पलंग बसत नाही, कपाटही बसत नाही. फार तर नांगराची साखळी तिथे गुंडाळून राहते. हिशेबाच्या दृष्टीने ती जागा वाया गेली. पण किनाऱ्यावरून पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो तो नेमका त्या त्रिकोणापाशी. खोल्या आतल्यांसाठी असतात. तो त्रिकोण कुणीतरी आपल्यासाठी, किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांसाठी, रिकामा सोडलेला असतो.