लाल ठिपक्याची ओळख

थिंकपॅड लॅपटॉपच्या कीबोर्डवर जी, एच आणि बी या कळांच्या मध्ये असलेला, कर्सर हलवणारा लाल ठिपका म्हणजे ट्रॅकपॉइंट. टायपिंग हेच ज्यांचे मुख्य काम, त्यांनी तो जरूर शिकून घ्यावा.

जन्म : आयबीएममधील संशोधक टेड सेल्कर यांच्या कामातून तो घडला. 1992मध्ये थिंकपॅड 700सीवर तो आला. 2005मध्ये आयबीएमचा पीसी व्यवसाय लेनोवोने घेतला. ठिपका कायम राहिला.

काम कसे चालते? : ठिपका जागचा जवळपास हलत नाही. त्याखालचे सेन्सर बोटाचा दाब आणि दिशा ओळखतात. हलका दाब दिला की कर्सर सावकाश सरकतो, जोर वाढवला की वेगाने.

फायदा : हात कळांवरून उचलावा लागत नाही. रेल्वेच्या अरुंद टेबलावर किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवूनही नेमके काम होते.

स्क्रोलिंग : स्पेसबारखालचे मधले बटण दाबून धरा आणि ठिपका वर-खाली ढकला.

कर्सर आपोआप सरकतोय? : बोट बराच वेळ एकाच दिशेने दाबून ठेवल्यास असे होते. बोट उचला आणि क्षणभर थांबा. ठिपका आपला शून्यबिंदू पुन्हा ठरवतो.

देखभाल : रबरी टोपी झिजून गुळगुळीत झाली की बदलता येते. मॉडेलनुसार टोपीची उंची वेगळी असते, म्हणून खरेदीपूर्वी ती तपासा.

सवय : सुरुवातीला सेटिंगमध्ये कर्सरचा वेग कमी ठेवा, हात बसला की वाढवा. बोट दुखू लागल्यास टचपॅड वापरा.