पार्थेनॉनला रंग चढवणारं चित्र

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात, छताखालच्या अंधारात परांची बांधली आहे आणि तिच्यावर शहरातली बडी मंडळी जमली आहेत. राजकारणी पेरिक्लीस, त्याची सहचरी अस्पाशिया, तरुण अल्सिबायडीस, सॉक्रेटिस. हातात गुंडाळी घेऊन उभा आहे शिल्पकार फिडियास. पाहुण्यांनी शिल्पांना हात लावू नये म्हणून मध्ये चक्क दोर बांधलाय! लॉरेन्स आल्मा-टाडेमानं 1868 मध्ये रंगवलेलं हे चित्र आज बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे.

मागच्या भिंतीवरचे घोडेस्वार पाहिले की मात्र चमकायला होतं. त्यांची अंगं तांबूस तपकिरी, पार्श्वभूमी निळी. पार्थेनॉन म्हणजे शुभ्र संगमरवर ना? त्या काळच्या रसिकांचीही हीच समजूत होती. 1854 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ओवेन जोन्सनं याच शिल्पांच्या प्रतिकृती रंगवल्या, तेव्हा एवढा गदारोळ झाला की त्याला समर्थनार्थ पुस्तिका लिहावी लागली. आल्मा-टाडेमानं 1862 मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये मूळ शिल्पं पाहिली, तीही रंग उडालेलीच. तरी त्यानं रंगाचीच बाजू घेतली.

विचार केला तर ते पटतं. ही शिल्पपट्टी सुमारे 160 मीटर लांब, जेमतेम 1 मीटर उंच आणि कोरीवकामाचा उठाव फक्त काही सेंटिमीटर. ती बसवली खांबांच्या आड, सुमारे 12 मीटर उंचावर. खालून पाहणाऱ्याला दिसावी म्हणून कारागिरांनी वरच्या भागाला खालच्यापेक्षा जास्त उठाव दिला. त्या सावलीत घोडा आणि स्वार वेगळे ओळखू यायला रंगाची केवढी मदत होत असेल!

पुरावा हाती आला 2009 मध्ये. इजिप्शियन निळ्या रंगावर लाल प्रकाश टाकला की तो डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतो. ब्रिटिश म्युझियममध्ये अशा किरणांचे फोटो घेतले, तर पार्थेनॉनच्याच आयरिस देवीच्या कमरपट्ट्यावर रंगाचे कण लखलखले. दोन हजार चारशे वर्षांनंतरही!

आल्मा-टाडेमाच्या छटा अर्थात त्याच्या कल्पनेतल्या. पण अभ्यासकाला ‘रंग असावा’ एवढं लिहून थांबता येतं. चित्रकाराला मात्र घोड्याच्या पाठीला कोणता रंग द्यायचा, हे ठरवावंच लागतं.