बॅटरीचं पाणी पोटात गेलं तर?

डोंबिवलीत बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन सहज मिळतो. ते चुकून कुणी प्यायलं, तर? शुद्ध डिस्टिल्ड वॉटर म्हणजे पाण्याची वाफ थंड करून जमवलेलं पाणी. क्षार मागेच राहतात. ते विष नाही. हाडांतलं कॅल्शियम ते ओढून घेतं, ही भीतीही फुकाची; कॅल्शियम आपल्याला मुख्यतः दूध, नाचणी, पालेभाज्यांतून मिळतं. घोळ आहे तो कॅनचा. ते पाणी पिण्यासाठी भरलेलंच नसतं. प्लास्टिक कसलं, भरताना स्वच्छता किती, कोण बघतो? शिवाय क्लोरीन नसल्यानं उघड्या कॅनमध्ये जंतू वाढू शकतात.

आरओ मशीनही पाण्यातले क्षार काढतं, म्हणून त्याचं पाणीही डिस्टिल्ड वॉटरच्याच जवळपास जाणारं. कल्याण-डोंबिवलीला पाणी येतं मुख्यतः उल्हास नदीचं, आणि नदीच्या पाण्यात क्षार सहसा कमीच. भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. त्याहून कमी असतील तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९मध्ये सांगितलं होतं. तरी घरोघरी आरओ आहेच, जाहिरातींची कृपा! टँकर-बोअरवेलवर भागवणाऱ्या ठाण्यातल्या घोडबंदरच्या सोसायट्यांचं गणित मात्र वेगळं. तिथे आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजावा, मग मशीन घ्यावं.