तांब्यातला गड, रंगातली सरहद्द

पन्हाळगडाच्या उत्तरेकडील कड्यावर उभे राहिले म्हणजे पलीकडे वारणेचे खोरे पसरलेले दिसते. १७३१ साली साताऱ्याचे शाहू महाराज आणि करवीरचे संभाजी महाराज या चुलत बंधूंमध्ये तह होऊन हीच नदी दोन मराठी राज्यांची सरहद्द ठरली. ती सरहद्द कोणी नकाशावर आखून दाखविली नाही; 'वारणेपासून दक्षिणेस तुंगभद्रेपर्यंत' एवढे शब्द त्यास पुरेसे होते, कारण आपल्याकडे चतुःसीमा सनदांत आणि तहनाम्यांत लिहिली जाई, आणि तिचे साक्षीदार म्हणजे नदी, ओढा, डोंगर व गावचे जाणते वृद्ध.

हा मुलूख रेषांत बांधण्याचे काम दूरच्या माणसांनी केले. बंगालचा सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जेम्स रेनेलने हिंदुस्थानचा नकाशा १७८२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास करवीरची गादी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरास आली. बंगाल रेनेलने स्वतः मोजला होता. दख्खन मात्र प्रवाशांच्या टिपणांवरून, फौजांच्या कूचमार्गांवरून आणि इतरांच्या नकाशांवरून जुळविली होती. या नकाशाच्या शीर्षचित्रात पंडित आपले ग्रंथ ब्रिटानियादेवीच्या हाती देत असल्याचे दाखविले आहे; ज्ञानाचा ताबा आणि मुलखाचा ताबा यांतील नाते यापेक्षा उघडपणे क्वचितच चितारले गेले असेल.

असे नकाशे तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. कारागीर धारदार लेखणीने प्रत्येक नदी व गावाचे नाव उलटे कोरी. मग पत्र्यावर शाई चोळून वरची पुसून टाकीत, कोरीव खाचांत उरलेली शाई ओलसर कागद दाबयंत्राखाली चेपून उमटवून घेत. चूक सुधारायची तर रेषा खरडून, पत्रा मागून ठोकून सपाट करून पुन्हा कोरावे लागे. म्हणून एकदा घडविलेला पत्रा वर्षानुवर्षे वापरीत, आणि राज्याराज्यांतील फरक दाखविण्यासाठी छापील प्रतीवर हाताने पाणरंग भरीत. परिणामी, अशा नकाशात दोन थर एकावर एक असतात : तांब्यातून उतरलेल्या नद्या, डोंगर, गड हा एक, आणि सत्तेचा पातळ रंग हा दुसरा. पहिला थर सहज बदलत नाही. दुसरा कुंचल्याच्या एका फटकाऱ्याने बदलतो.

मात्र त्या रंगावर फार विसंबू नये. एका गावाच्या महसुलात सरकारचा वाटा निराळा, देशमुखाचे वतन निराळे, जहागिरदाराचा हक्क निराळा, आणि परमुलखातही चौथाईचा दावा. अशी एकावर एक चढलेली सत्ता एका सपाट रंगात कशी मावणार? करवीर संस्थानाचा मुलूखही सलग नव्हता. रायबाग, तोरगल यांसारखे तुकडे मुख्य भूमीपासून दूर पडलेले होते. नकाशाने जे दाखविले ते राज्याचे वास्तव जेवढे होते, तेवढीच रंगविणाऱ्याची राज्यकल्पनाही होती.

कंपनीचा मुलूख तांबडा आणि तिच्या छायेतील संस्थाने पिवळी, हा संकेत पुढे रूढ झाला. १८१२ च्या तहाने मालवण कंपनीस देऊन करवीरने तिचे संरक्षण पत्करले. १८४४ साली जमिनींचा कारभार मामलेदारांकडे जाऊ लागल्याने गडकऱ्यांनी बंड केले; त्यांनी ब्रिटिश अधिकारी कर्नल ओव्हान्सला पकडून पन्हाळ्यावर कोंडले, आणि डिसेंबरमध्ये कंपनीच्या तोफांनी तट फोडून गड घेतला. गडाचा 'चार दरवाजा' जमीनदोस्त झाला, पण पिवळ्या रंगाची छटाही पालटली नाही. उलट १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती औरस पुत्राविना निवर्तले, डलहौसीने दत्तक नाकारला, आणि एकही तोफ न उडता वारणेची उत्तर बाजू पिवळ्याची तांबडी झाली. दक्षिण तीर पिवळाच राहिला. तो १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाला.

तेव्हापासून दोन्ही तीरांचा रंग एकच आहे. तरीही कोल्हापूर जिल्ह्याचा आजचा नकाशा उघडून पाहावा : उत्तरेस सांगली जिल्ह्याशी त्याची हद्द जी नदी सांभाळते, ती वारणाच. छत्रपतींचा तह गेला, कंपनी गेली, संस्थान गेले. तहनाम्यातील तेवढी एक ओळ मात्र महसूल खात्याच्या दफ्तरात अजून वाहते आहे.