लाल उजेडातली गस्त

रीफ टँकमधली निम्मी वस्ती दिवे गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. दिवसा दिसतात ते क्लाउनफिश, झोअँथिडचे रंगीत झुबके, मश्रूम कोरल, म्हणजे पैसे मोजून आणलेली मंडळी. त्यांच्या बुडाला चिकटून फुकटात आलेले रात्री निघतात. म्हणून बंगळूरच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये असलेला माझा मित्र सेकंड शिफ्ट उरकली की घरी येऊन टँकसमोर स्टूल ओढतो. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपर, हातात भिंग. लाल उजेड यांतल्या बहुतेकांना फारसा जाणवत नाही. पांढरा झोत पडला तर सगळे भोकात.

गडी मूळचा वेंगुर्ल्याचा. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, शहर ९०० मीटर उंचीवर. टँकरचं पाणी आरओ-डीआयमधून काढायचं, टीडीएस शून्यावर आणायचा, मग मीठ घालून क्षारता हजारी ३५ ठेवायची. हवा तेवढी चांगली, मुंबईसारखं चिलरचं बिल येत नाही. अशा घरगुती समुद्रात आपल्या पायांनी कोण येणार? जे आलं ते कशाला तरी धरून आलं. आपल्याकडे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा किनाऱ्यावरून जिवंत खडक उचलून आणायचा प्रश्नच नाही. याने दगड कोरडाच घेतला होता. तरी वर्षभरात वस्ती झाली. वाट कुठली, तर फ्रॅगची. वाढवलेल्या कोरलचा तुकडा सिरॅमिकच्या बुचावर चिकटवून मिळतो, त्या बुचाच्या खाचांमधून.

एका रात्री मीही त्याच्या शेजारी बसलो होतो. दगडाच्या फटीतून आधी मिशा आल्या, मग गुलाबी-करडं अंग. प्रत्येक वळीला दोन्ही बाजूंनी पांढऱ्या केसांचा झुपका. ब्रिसलवर्म. दिसायला इतका ओंगळ की मी म्हटलं, "अरे, काढ ना त्याला."

"कित्याक? त्येना काय केल्यान?"

त्याने कोळंबीचा बारीक तुकडा चिमट्याने पलीकडे ठेवला. किडा तिकडे वळला. वाटेत झोअँथिड होते, त्यांच्यावरून सरपटत गेला. ते मिटले, पुन्हा उघडले. तोंड कुणाला लावलं नाही. हा उरलंसुरलं खातो, मासे टाकतात ते साफ करतो. मेलेल्या कोरलवर जेवताना सापडतो आणि खुनाचा आळ त्याच्यावर येतो. खरा कोरलखाऊ फायरवर्म, हर्मोडाइस, अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला; त्याच्या डोक्यावर मांसल तुरा असतो आणि अंगाच्या कडेने लाल कल्ले. बोट मात्र यालाही लावायचं नाही. केस कातडीत मोडून राहतात आणि आग आग होते.

गेजने मोजल्याशिवाय टूलरूममध्ये पार्ट रिजेक्ट होत नाही, तीच शिस्त त्याने इथे आणली आहे. रूप बघून निकाल द्यायचा नाही. काय खातो, कुठे बसतो, किती वाजता निघतो ते बघायचं. मला हे पटलं, कारण नवीन टँकवाल्यांची घाई मी पाहिली आहे. एक अनोळखी ठिपका दिसला की औषधाची बाटली उघडतात. स्टोमाटेला ही शेवाळ खाणारी गोगलगाय, पाठीवर जेमतेम नखाएवढा शंख. ती बिचारी अशीच मारली जाते. आणि खरा चोर सुटतो. झोअँथिड खाणारी न्यूडिब्रांक त्यांचेच रंग अंगावर घेते, त्यामुळे त्यांच्यात बसली की नुसत्या नजरेला दिसत नाही. तिची अंडी डिपमध्ये, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून, मरत नाहीत, म्हणून आठवड्याने दुसरी डिप.

निकाल पटकन लावावा असंही एक आहे. बुचाच्या कडेला तपकिरी, अर्धवट पारदर्शक, टोकदार बोटांचं इवलंसं समुद्रफूल. काडी लावली की झटक्यात आत. हे एप्टेझिया. प्रयोगशाळेत याला मान आहे. कोरल आणि त्याच्या पोटातल्या शेवाळाचं नातं अभ्यासायला हेच वापरतात, २०१५ साली याचा जीनोमही प्रसिद्ध झाला. टँकमध्ये मात्र शेजाऱ्यांना डंख मारत पसरतं. खरवडलं तर पायाचा जो कण मागे राहतो त्याचं नवं फूल होतं. त्यामुळे पंप बंद, चुन्याची दाट पेस्ट सिरिंजमध्ये, आणि ते मिटायच्या आत तोंडावर. रसायन पानाच्या चुन्याचंच, फक्त शुद्ध हवं. फार पसरलं तर बर्घिया ही समुद्री गोगलगाय सोडतात. ती एप्टेझियाच खाते. ते संपलं की उपाशी मरते.

दगड काढून उकळावा, असा सल्ला कुणीतरी देतंच. मित्राच्या घरात या सल्ल्याला बंदी आहे. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, वाफेतून ते फुप्फुसात गेलं की माणसाला हॉस्पिटल गाठावं लागतं. फ्रॅग कापतानाही हातमोजे आणि चष्मा.

नुसती वाट बघणंही कधी महागात पडतं. २००९ साली इंग्लंडमध्ये न्यूकीच्या ब्लू रीफ मत्स्यालयात कोरल तुटलेलं सापडू लागलं. सापळे लावले, हाती काही लागेना. शेवटी दगड एकेक करून काढले तेव्हा खाली मीटरभराहून लांब किडा निघाला. आला तेव्हा लहानच असणार.

आमच्याकडे त्या रात्री खेकडा निघाला. केसाळ पाय, काळ्या टोकांचे नांगे. नांग्याची टोकं चमच्यासारखी असती तर शेवाळ खरवडणारा म्हणून ठेवला असता; याची टोकदार, म्हणजे मांस खाणारा. दगडाला टेकवून काचेचा पेला तिरका ठेवला, तळाशी कोळंबी. काच गुळगुळीत, आत उतरला की वर चढता येत नाही. सकाळी खेकडा पेल्यात होता. मारला नाही. टँकखालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये, रिटर्न पंपाच्या जाळीअलीकडे सोडला आणि बाकीची कोळंबी त्यालाच घातली. तिथे कोरल नाही.