ख्रिस्ती जीवनातील लीनता आणि स्वाचरणातून नेतृत्व : सातारा व मिरज येथील दोन उदाहरणे

ख्रिस्ती धर्मविचारात ‘लीनता’ ही संज्ञा केवळ स्वभावाचा मृदुपणा दर्शवीत नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू भोजनप्रसंगी शिष्यांचे पाय धुतो. तत्कालीन समाजात हे काम सामान्यतः दासाचे असे. लक्षणीय गोष्ट ही की, तसे करताना तो आपले गुरुपद नाकारत नाही. गुरू असूनही आपण हे केले, म्हणून शिष्यांनीही ते करावे, असा कित्ता तो घालून देतो. येथे लीनता म्हणजे अधिकाराचा अभाव नव्हे, अधिकार वापरण्याची रीत होय. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हाच विचार ‘स्वतःस रिक्त करणे’ या कल्पनेतून मांडतो.

या कल्पनेचे ठळक मराठी रूप साताऱ्यात दिसते. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला व पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य केले. कवी म्हणून त्यांची कीर्ती झाली होती. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, भगवी वस्त्रे धारण केली आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ आरंभिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात अभिप्रेत होते. पगारी उपदेशकाचा शब्द लोकांना नोकरीचा भाग वाटतो, ही अडचण टिळकांनी ओळखली होती. तिचे उत्तर त्यांनी व्याख्यानातून न देता राहणीतून दिले. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या या कवीला वैराग्याची भाषा परकी नव्हती.

मात्र या त्यागाचा भार एकट्या टिळकांनी उचलला नाही. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना संसाराची ओढाताण जागोजागी जाणवते. नेत्याच्या लीनतेची किंमत घरातील व्यक्ती मोजत असेल, तर तिचाही हिशेब मांडावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. चरित्रकारांनी तो क्वचितच मांडला आहे.

मिरजेचे उदाहरण निराळे आहे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय सुरू झाले. त्यांनी वेतन वा संस्था सोडली नाही. परंतु आपले शस्त्रक्रियाकौशल्य स्वतःपुरते न ठेवता स्थानिक तरुणांना शिकविले व त्यातून तेथे वैद्यकीय विद्यालय उभे राहिले. आपल्या हातचे काम दुसऱ्याच्या हाती सोपविणे हीही एक रिक्तताच. अर्थात ती अपुरी होती : १९२८ मध्ये ‘सर’ हा किताब मिळालेले वानलेस निवृत्त झाल्यावरही रुग्णालयाची सूत्रे दीर्घकाळ परदेशी डॉक्टरांकडेच राहिली.

‘देवाचा दरबार’ टिळकांच्या निधनानंतर टिकला नाही. पण त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापून साध्या, भारतीय राहणीचा तोच मार्ग धरला; आणि टिळकांचे अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.